चाचांचा पहिला प्रश्न

"चार्जिंगला लावला होता का?"

पाण्यात पडलेला फोन घेऊन कुणीही समोर उभं राहिलं, की चाचा मान वर न करता एवढंच विचारायचे. नांदेडात जुन्या मोंढ्याजवळ त्यांचं फोन दुरुस्तीचं दुकान आणि शेजारी माझा फोटो स्टुडिओ, मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळे हा प्रश्न मी बारा-तेरा वर्षं रोज ऐकला, आणि त्याचं उत्तरही. हदगावचा कापूसवाला असो की कोर्टातला वकील, सगळे शपथेवर सांगायचे, "न्हाई चाचा, हात बी न्हाई लावला."

सगळे खोटं बोलायचे. चाचा वाद घालत नसत. फोन उघडून आतला बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवायचे आणि समोरच्यालाच डोळा लावायला सांगायचे. "हिरवं दिसून राहिलं ते पाण्याचं. काळं दिसून राहिलं ते तुमचं." ओल्या बोर्डात करंट सोडला की तो जळतो, हे त्यांचं सगळं शास्त्र. मग समोरचा हळूच कबूल करायचा, की दोनच मिनिटं लावला होता, चालू होतो का ते बघायला.

बाकीच्या चुका ते हसण्यावारी न्यायचे. एकाने फोन वाळावा म्हणून ज्वारीच्या पोत्यात पुरून ठेवला होता. चाचांनी चार्जिंगच्या भोकातून चिमट्याने ज्वारीची कणी काढली, उजेडात धरली आणि हायब्रीड आहे का म्हणून विचारलं. पण चार्जिंगची चूक त्यांना सहन व्हायची नाही. माणसाला एवढी कसली घाई असते, असं ते माझ्या काउंटरवर येऊन कुरकुरायचे आणि मीही त्यांची री ओढायचो.

काम मात्र बघत राहावं असं. बोर्डाला राळेचा धूर देऊन तो पांढराफटक करायचे. मग त्यात बारीक करंट सोडायचे. जो भाग तापेल तिथलीच राळ वितळायची आणि दोष आपणहून पुढे यायचा. डोळ्याला धड न दिसणारे तुकडे काढून ते दुसरे बसवायचे. बोर्डात जीव आला की पडदा लगेच गिऱ्हाइकाकडे फिरवायचे आणि स्वतः भिंतीकडे बघायचे. लोकांचे फोटो त्यांनी कधी पाहिले नाहीत. मी असतो तर पाहिले असते.

चाचींना मी फार तर तीनदा पाहिलं असेल, पण त्यांचा आवाज रोज ऐकला. दिवसातून चार-पाच वेळा त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा. चाचांच्या दोन्ही हातांत हत्यारं, म्हणून बोटाच्या पेराने तो स्पीकरवर लावायचे. "सुनो जी, आते वक्त पुदिना लाव. कलका पूरा सडेला था." ऐकून झालं की त्याच पेराने पुसून टाकायचे. जन्मभर दुसऱ्यांचं हरवलेलं शोधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये काही म्हणजे काही नसायचं. मी चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह सांभाळणारा. मी चिडवलं की म्हणायचे, "भरलेला फोनच मरतो, फोटोवाले. रिकामा ठेवावा."

चाची तीन दिवसांच्या दुखण्यात गेल्या. घर बायकांनी भरलं होतं. शेवटच्या आंघोळीसाठी टपात पाणी काढून ठेवलं होतं, त्यात कुणाचा तरी धक्का लागून खिडकीतला चाचींचा फोन पडला. चाचांनी तो बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि चार्जिंगला लावला.

दहा-बारा दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. मायक्रोस्कोपखाली एक बोर्ड होता. "बघा," ते म्हणाले. "काळं दिसून राहिलं ते माझं."

चाचींच्या माहेरी उदगीरला कळवायचं होतं, नंबर त्याच फोनमध्ये असतील, घाईत होतं असं कुणाचंही, असं काहीतरी मी बोलून गेलो. त्यांनी मान हलवली. "नंबर भाच्याकडे बी होते. मला तिचा फोन चालू झालेला बघायचा होता, बस."

चाचींनी पाठवलेले सगळे मेसेज आता त्या एका फोनमध्ये होते. चाचांकडचे त्यांनीच पुसलेले. लातूरला दिलेल्या त्यांच्या मुलीकडे लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यात चाची बोलतात तिथे नेमका बँड वाजतो. आठ महिने, दर शुक्रवारी नमाजनंतर, चाचा तो बोर्ड घेऊन बसायचे. शेवटी हात टेकले. फोनची मेमरी धड होती, पण तिच्या कुलपाची किल्ली प्रोसेसरमध्ये असते आणि जळाला होता तो प्रोसेसरच. हे त्यांनी मला गिऱ्हाइकाला सांगावं तसं नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, ती कशी बोलायची ते मला आठवतं का. मी पुदिन्याचं वाक्य म्हणून दाखवलं. शब्द बरोबर होते. ते म्हणाले, "न्हाई. अशी न्हाई." मला फार वाईट वाटलं. एवढ्या निगेटिव्ह जपल्या, पण आवाज जपावा असं मलाही कधी सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लोहा गावची एक बाई पाण्यात पडलेला टॅब घेऊन आली. पोराचे अभ्यासाचे कागद त्यात होते, तेवढे काढून हवे होते. चाचांनी काही विचारायच्या आत तिनेच सांगून टाकलं, की चार्जिंगला लावला होता, चुकलं.

"लावतो माणूस," चाचा म्हणाले. पत्र्याअलीकडे मी कागद कापत होतो, तो थांबलो. "यात कुणाचा आवाज हाय का?"

बाईला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, सासऱ्यांचा असेल, ते नातवाला गोष्ट सांगतात ती पोराने भरून घेतलेली. चाचांनी आधी ती गोष्ट काढली, अभ्यास नंतर. पुढे त्यांचा पहिला प्रश्न हाच झाला. जुना प्रश्न त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही.

गेल्या वर्षी ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. तिथे घरातच टेबल मांडून थोडंफार काम करतात. इथल्या गाळ्यात आता फोनची कव्हरं मिळतात.

परवा हदगावकडचा एक माणूस चाचांना शोधत माझ्याकडे आला. फवारणीच्या टाकीत पडलेला फोन त्याने रुमालात बांधून आणला होता. चार्जिंगला लावला नाही, असं त्याने न विचारताच शपथेवर सांगितलं. मी बरं म्हटलं, लातूरचा पत्ता लिहून दिला आणि यात कुणाचा आवाज आहे का, ते विचारलं.

त्याने रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"आईचा हाय," तो म्हणाला, आणि लातूरची बस कुठून सुटते ते विचारू लागला.