सात नंबरचा प्रांत

"लगतदाराला विचारलंत काय?"

प्लायवूडच्या पलीकडून हे ऐकू आलं आणि सुताराची करवत थांबली. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर येणार होता. त्याच्यासाठी हॉलचा एक कोपरा अडवून खोली होत होती. मी त्या अर्धवट खोलीत रिकाम्या टेबलापाशी उभी होते. नोकरीचा पहिला दिवस होता आणि हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"लगतदार कोण?" सुतारानं विचारलं.

"मी. माझं टेबल दीड फूट मागे गेलं ना. साहेबांनी सांगितलंय, माझं काही म्हणणं नाही. पण विचारायचं."

सुतारानं विचारलं. पलीकडून परवानगी मिळाली. करवत पुन्हा सुरू झाली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या पुढे, रस्ते, मोऱ्या आणि लहान धक्के बांधणाऱ्या एका कंत्राटदाराचं हे ऑफिस. मी मुंबईला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते, म्हणून कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. आणि पलीकडचा आवाज होता त्यांचा. सरकारी मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी घेऊन कातळ तुडवून ते निवृत्त झाले होते, आणि आता आमच्याकडे नकाशे काढत. सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. मी काका म्हणायचे. म्हणजे मनात. तोंडानं म्हणायला मला दोन महिने लागले.

मोजणीची एक रीत असते. जमीन मोजायची तर आधी शेजारच्या जमीनवाल्यांना, म्हणजे लगतदारांना, नोटीस जाते. ते येतात, त्यांच्या डोळ्यांदेखत साखळी धरली जाते, तेव्हा कुठे हद्द ठरते. काकांनी ही रीत निवृत्तीबरोबर खात्यात परत केली नव्हती. पंखा वाढवायचा तर शेजारच्या टेबलाला विचारत. शनिवारी एसटीनं सावर्ड्याला घरी जाताना खिडकी उघडायची तरी आधी शेजाऱ्याला, मग मागच्या बाकावरच्याला विचारत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यामुळे कामाला उशीर होतो, पण भांडण होत नाही.

कॉम्प्युटर आला. खोलीला एसी लागला, दाराला जाड पडदा लागला, बाहेर चपला काढायचा नियम झाला. मग एके दिवशी साहेबांनी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, की दिवाळीपर्यंत आकडेमोड करणाऱ्या प्रत्येकाला या मशीनवर बसता आलं पाहिजे. ज्याला येणार नाही त्याचा पुढे विचार करावा लागेल. ते कोणाकडे बघत नव्हते. पण हॉलमध्ये साठीला टेकलेला माणूस एकच होता.

त्या दिवशी संध्याकाळी काका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढल्या, मग पडद्याबाहेरूनच म्हणाले, "येऊ काय गो बाय?"

मी मान हलवली. पडद्यातून मान दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं. ते बाहेरच उभे होते.

माझं बोलणं असंच होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, पण ऑफिसातल्या मोठ्या माणसांशी बोलायची मराठी माझ्याकडे नव्हती. प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायचे, आणि तपासून होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. लोकांनी मला शिष्ट ठरवलं होतं. ते मला सोयीचं होतं.

काका खुर्चीत बसले आणि कीबोर्डपासून हात लांब ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "नकाशात शाईची चूक झाली तर मी ब्लेडनं खरवडतो," ते म्हणाले. "ह्याच्यात खरवडता येतं काय?"

येतं, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. आठ दिवस ते रोज येत, मी काम दाखवी, ते बघत, आणि पेन्सिलचं मागचं टोक एखाद्या कीवर नेऊन तसंच थांबत. "साहेबांची फाईल आहे ती. बिघडली तर?"

"नोकरी गेली तर चालेल का तुम्हाला?" असं मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं. "घरी बसलो तर पहिले चार दिवस सून चहा विचारते. पाचव्या दिवशी आपण विचारायचा, चहा झाला काय. तसा नको वाटतो. हातात काम असलं की माणूस पाहुण्यासारखा घरी जातो, पाहुण्यासारखा येतो."

तेव्हा मला माझ्या पर्समधली फ्लॉपी आठवली. मुंबईच्या मावसभावानं दिलेला एक खेळ होता तिच्यावर. कुठल्याशा दूरच्या बेटांवर चारशे वर्षांपूर्वीचं राज्य. सतरा प्रांत, प्रत्येकाचा एक सरदार. आपण त्यातला एक प्रांत घ्यायचा आणि ऋतूमागून ऋतू चालवायचा. भात पेरायचं, शेतसारा बसवायचा, पुराला बांध घालायचे, सैन्य पोसायचं, दूत पाठवायचे. बावीस हुकूम होते आणि माहितीपुस्तक नव्हतं, कारण ती नक्कल होती. मला स्वतःला तो कधी जमला नव्हता. तिसऱ्या हिवाळ्यात माझं सैन्य उपाशी मरायचं.

"ह्यात चूक झाली तर कोणाचंच काही बिघडत नाही," मी म्हटलं. माझ्या मानानं ते भाषण होतं.

डबे खाऊन झाल्यावरची अर्धी सुट्टी आमची झाली. हिरव्या अक्षरांत इंग्रजी यायचं, मी वाचून मराठीत सांगायचे, आणि काका तो शब्द दुरुस्त करून घ्यायचे. मी "जमिनीचं उत्पन्न" म्हटलं की ते म्हणत, "आणेवारी म्हण." पीक सोळा आण्यांपैकी किती आलं, याला आणेवारी म्हणतात, हे मला एका परक्या बेटावरच्या भातामुळे कळलं.

आम्ही सात नंबरचा प्रांत घेतला, कारण त्याला समुद्र होता. पहिल्याच ऋतूत मी सैन्य वाढवायला निघाले.

"थांब गो. लगतदार कोण कोण?"

पाच, आठ आणि अकरा नंबर. काकांनी तिघांनाही दूत पाठवायला लावले. त्यात तीन ऋतू गेले. चौथ्या ऋतूत तेरा नंबरवाला, ज्याची हद्द आम्हाला कोपऱ्यात जेमतेम लागत होती, चाल करून आला आणि आमचा प्रांत संपला.

काकांनी विचारलं, "नोटीस न देता आला?"

"लढाई आहे काका," मी म्हटलं. हीच ती पहिली हाक.

"असेल. पण चूक आपली. कोपऱ्यातला लगतदार राहिला. असाच घोटाळा मी एकदा खऱ्या मोजणीत केला होता. कोयत्या घेऊन आले होते लोक." आणि पेन्सिलचं टोक त्यांनी स्वतः कीवर टेकवलं. खेळ पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या खेपेला आम्ही साऱ्यावर घसरलो. मी सारा वाढवला, शेतकरी उठले, किल्ला गेला. काकांनी आकडे परत काढायला लावले. "सहा आणे आणेवारी, आणि सारा माफ करायचा सोडून वाढवला? मी त्या गावात असतो तर मीपण उठलो असतो."

तिसऱ्या खेपेपासून तेच चालवू लागले. त्यांचा क्रम ठरलेला. पावसाआधी बांध. मग लगतदारांना दूत, कोपऱ्यातला धरून. मग पेरणी. सैन्य सर्वांत शेवटी, आणि ते बेतानं. मी म्हणे, "आठ नंबर कमजोर झालाय, हल्ला करूया?" ते म्हणत, "कशाला? भात बरा येतोय आपला." गंमत म्हणजे आमचा प्रांत टिकला. बाकीचे एकमेकांशी लढून खंगत. एकदा अकरा नंबरात शेतकऱ्यांनी बंड केलं आणि तो प्रांत आपण होऊन आमच्याकडे आला. काकांना त्याचंही अवघड वाटलं. "आता त्याचे लगतदार वाढले," ते म्हणाले.

सगळे प्रांत एक करा, असं खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. "एक केले तर मधले बांध गेले. मग मोजणीदार खाणार काय?"

पण एव्हाना एक गोष्ट घडली होती, आणि ती आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. पेन्सिल खिशात गेली होती. काका आता बोटांनी कळा दाबत. मशीन स्वतः चालू करत, फ्लॉपी लावत, आकडे भरत, फाईल जपून ठेवत. एका दुपारी खेळ बाजूला ठेवून त्यांनी एका धक्क्याच्या भरावाचं गणित मशीनवर केलं, मग कागदावर करून ताडून बघितलं, आणि चपला घालून बाहेर गेले. थोड्या वेळानं माझ्या टेबलावर एक भजीची पुडी आली. दिवाळीला पाच आठवडे होते.

त्याच सुमारास त्यांनी नकाशा काढला. मशीनच्या पडद्यावरचा नकाशा म्हणजे नुसते ठोकळे. ते त्यांना बघवत नव्हतं. उरलेल्या ट्रेसिंग कागदावर त्यांनी काळ्या शाईनं सतराही प्रांत काढले, हद्दी, नद्या, बांध, किनारा. आमच्या प्रांताखाली सुवाच्य अक्षरांत चतुःसीमा लिहिली. पूर्वेस प्रांत क्रमांक आठ, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस पाच, दक्षिणेस अकरा, ईशान्य कोपऱ्यात तेरा. इतका देखणा कागद मी त्या ऑफिसात दुसरा पाहिला नाही. सुकला की त्यांनी गुंडाळून बाकीच्या गुंडाळ्यांबरोबर कोपऱ्यात उभा केला.

पुढच्या सोमवारी सरकारी इंजिनियरांच्या कचेरीत धक्क्याच्या कामाची बैठक होती. शिपाई बाहेर गेला होता. साहेबांनी मला सांगितलं, कोपऱ्यातले नकाशे बांधून गाडीत ठेव, सात आहेत. मी सात मोजले. सात भरले. उघडून बघायचं मला सुचलं नाही. सातवा खरा नकाशा काकांच्या टेबलावर, शेवटची रेघ सुकत, पडून होता.

बैठकीत काय झालं ते शिपायानं नंतर सांगितलं. इंजिनियरांनी तो कागद टेबलावर पसरला आणि काम चांगलं आहे म्हणाले. मग गाव कुठलं ते विचारलं. साहेबांना सांगता येईना. कचेरीतल्या दोघांनी तालुक्याचा नकाशा काढून अर्धा तास तो किनारा शोधला. शेवटी कोणाचं तरी लक्ष गेलं, की एका प्रांतात किल्ला आहे आणि खाली लिहिलंय, सैन्य चारशे.

साहेब परत आले ते थेट हॉलमध्ये. नकाशा हातात उलगडलेला. "हे कोणाचं?"

काका उठून उभे राहिले. "माझं."

"कुठलं गाव हे?"

"गाव नाही साहेब. खेळ आहे. कॉम्प्युटरवरचा."

"ऑफिसच्या मशीनवर खेळ? कोणी आणला?"

मी पडद्याच्या दारात उभी होते. वाक्य मनात तयार होतं, तपासूनही झालं होतं. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर साहेबांकडे वळवली.

"मी आणला."

"तुम्हाला मशीन चालू तरी करता येतं का?"

"येतं," काका म्हणाले.

ज्या एका उत्तरासाठी त्यांनी चार महिने चपला दाराबाहेर काढल्या, ते उत्तर त्यांनी दिलं, आणि हॉलमध्ये कोणी ऐकलं नाही. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. काकांनी टेबलावरचा सातवा नकाशा गुंडाळला, पेनं पुसून डबीत ठेवली, ट्रेसिंगच्या उरलेल्या तुकड्यांची घडी करून शिपायाकडे दिली. जाताना पडद्याशी थांबले. "एसी जरा कमी ठेव गो, सर्दी होईल तुला," एवढंच म्हणाले.

मी मान हलवली. या वेळी पडदा उघडा होता, त्यांना दिसली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघायला नको. दिवाळीआधी साहेबांनी शिपायाला सावर्ड्याला पाठवलं, परत या म्हणून. काकांनी निरोप दिला, भाताची कापणी चालू आहे, झाली की बघतो. ते आले नाहीत. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. अंगणात कोणाच्या तरी बांधाचं भांडण घेऊन चार माणसं बसली होती आणि काका सगळ्यांना चहा पाजत होते. ते सोडायला रस्त्यापर्यंत आले. आपल्या प्रांताचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी आली, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मग तसाच राहिला म्हणायचा. बरं झालं." त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं.

पण साहेबांनी शिपायाला पाठवलं, त्याच्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. काकांची नोकरी गेल्याला नऊ दिवस झाले होते. नऊही दिवस मी साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन काही ना काही कागद ठेवून परत येत होते. त्या दिवशी हातात कागद नव्हता. साहेब काहीतरी वाचत होते. त्यांनी वर बघितलं, "काय?" म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले. त्यांना सवय होती, मी बोलत नाही याची. मी दार लोटून घेतलं. वाक्य तपासलं नाही.

"सर, फ्लॉपी माझी होती, नकाशा मी बांधला, आणि काकांना कॉम्प्युटर येतो."