दुसरी हाक

माझी दोन पोरं म्हणजे घरात दोन वकील. पोरगी मोठी, पोरगा तिच्यामागचा. दोघांची डोकी लई चालायची. वर्षाची पुस्तकं पहिल्या महिन्यातच संपवून वर्गात जांभया देत बसायची. म्हणून मी त्यांना चौसाळ्याजवळच्या आमच्या शेतातल्या घरीच शिकवायला घेतलं. मी डीएड झालेली, म्हटलं, त्यात काय अवघड हाय! कसलं डोंबलाचं! प्रश्न माझ्या तोंडातून पुरता निघायच्या आत दोघं उत्तरावर तुटून पडायची. "आधी मी बोलले!" "न्हाई, मी!" मग झिंज्या धरायच्या, रडारड. माझं डोकं नुसतं भणभणायचं.

शेवटी सासूबाईंच्या एका जुन्या बोलण्यातनं तोडगा सापडला. त्या म्हणायच्या, भर दुपारी पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. माणूस असंल तर दुसऱ्यांदा मारतंच. दुसरं काही असंल ते एकदाच मारतं. मी हसले, पण नियम उचलला. प्रश्न मी दोनदा विचारणार, हाकही दोनदा मारणार. पहिलीलाच जो हलेल तो हरला. आणि खरंच, घर शांत झालं. इतकं शांत, की मलाच कसंतरी व्हायचं. पहिल्यांदा विचारलं की दोघं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायची, पापणीसुद्धा हलवायची न्हाईत.

उन्हाळ्यातली एक दुपार. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, पोरं ओसरीवर गणितं सोडवत होती. वारा पडलेला, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मधेच ध्यानात आलं, बाहेरनं एकाच पेन्सिलीची खरखर येतेय. जाऊन बघते तर पोरगी एकटीच.

"भाऊ कुठंय?"

तिनं शेततळ्याकडं बोट केलं.

तळ्याला प्लास्टिकचा कागद. त्यावरनं घसरलेल्या माणसाला वर चढता येत न्हाई. पिठाच्या हातानं पळत सुटले. पोरगा गळ्याएवढ्या पाण्यात, मोटारीच्या पाइपाला दोन्ही हातांनी लटकलेला. ओरडतसुद्धा नव्हता. काठावरचा दोर टाकून त्याला ओढून काढला. आधी एक ठेवून दिली, मग पोटाशी धरला.

"मेल्या, इकडं कावून आलास?"

"तूच तर हाक मारलीस. तळ्याकडनं."

मी चुलीपुढनं उठलेसुद्धा नव्हते.

"किती वेळा मारली?"

"एकदाच. ताई दुसरीची वाट बघत बसली, म्हणून मी आधी पळालो."

पोरगी मागं येऊन उभी राहिली होती. तिला विचारलं, "तू ऐकलीस ती हाक?"

"हो. तुझाच आवाज होता, आई."

"मग त्याला अडवलं न्हाईस कावून गं?"

एवढं सोपं गणित आईला कसं येईना, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघत राहिली.

"अडवलं असतं तर तो हरला कसा असता?"