श्रावणातली मागुराची पिल्लं

द्वारकाला जाऊन आज वर्ष झालं आणि माझा तिच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मोबाइलवर बोलून लिहितो आहे. चुका सांभाळून घ्या.

गोष्ट साठच्या दशकातली. नवीन लग्न, पनवेलात दोन खोल्यांचं घर. मी, आई आणि ही.

लग्नाआधी मी मुंबईहून काचेची टाकी आणि सोनेरी मासे आणले होते. मासे मेले, टाकी राहिली. तिच्याकडे बघून मला नुसतं टेन्शन यायचं. काच फुटली तर? रात्री कुणाचा पाय लागला तर?

द्वारका उरणकडची. गटारीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ दोन जिवंत मागूर मासे घेऊन आला. बोटभर मिशा, काळी पाठ, काढायला हात घातला तर काटा मारणार.

मी म्हटलं, आत्ताच काप.

ती म्हणाली, "उद्या गटारी हाय ना? उद्या ताजंच कापीन."

आणि माझ्या टाकीत पाणी भरून दोघांना सोडलं. शिवाय एक फुटकं मडकं आत ठेवलं. का, तर उघड्यावर ते लाजतात.

सकाळी मडक्याच्या आत मोहरीएवढी अंडी चिकटलेली. नर तोंडाशी बसून शेपटीनं वारा घालत होता.

आई पाटा धुऊन तयार.

"नाय कापायचे," द्वारका म्हणाली.

"मग काय, गटारीला डाळभात खायचा?" मी विचारलं.

"खावा की. तो बाप बघा, रात्रीपासून जागा हाय. तुमी घोरत होता."

आम्ही डाळभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. काळ्या शेपट्याच नुसत्या. मोठ्या दोघांना तिचा भाऊ परत शेतात सोडायला घेऊन गेला, कारण मादी पोरं खाते असं तिचं म्हणणं. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो.

पिल्लं पोटाखालची पिशवी संपेपर्यंत काही खात नाहीत. मग त्यांना लागतो उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून पिळून. मुंबईच्या मासेवाल्यानं मला सांगितलेलं, आणि मी शहाणा, द्वारकाला सांगून बसलो.

श्रावण लागलेला.

आई म्हणाली, "या घरात श्रावणात अंडं येनार नाय. मासे मेले तर मेले."

द्वारका आईशी भांडली नाही. माझ्याशी भांडली.

"तुमच्या आईला सांगा."

"तू सांग."

"मी सून हाय. तुमी कोन हाय?"

मी कोण आहे हे मला त्या घरात कधीच नीट कळलं नाही.

पिल्लं पातळ होत चालली. ही सारखी टाकीसमोर. भाजी करपली, माझ्या चहात मीठ पडलं. तिला ती पोरं जगवायचीच होती. दुसरं काही डोक्यातच नव्हतं.

सोमवारी ही विहिरीवर गेली होती. मी बाहेर दाढी करत होतो. आत आई एकटी. आईचा उपास.

आईनं टाकीत बघितलं आणि तिला दया आली. तिला वाटलं, मीही उपाशी, ही पोरंही उपाशी. स्वतःच्या वाटीतला साबुदाणा कुस्करून टाकला. वर पेलाभर दूध ओतलं. श्रावणी सोमवारी भुकेल्या जिवाला उपासाचंच द्यायचं, एवढा साधा हिशेब.

द्वारका परत आली तेव्हा टाकी पांढरी, शेजारी आईची साबुदाण्याची वाटी आणि दुधाचा रिकामा पेला. बरीच पिल्लं तळाशी पडलेली, उरलेली वर तोंड काढून धडपडत होती.

मला वाटलं, आता घर पेटणार.

हिनं पदर खोचला, जिवंत होती ती लोट्यानं परातीत घेतली, माझ्या हातात मेलेल्यांची बादली दिली.

तेवढ्यात आई आतून आली. "काय झालं गं? कशी मेली?"

मी तोंड उघडलं.

त्याआधी ही म्हणाली, "यांचं काल पानी बदलायचं ऱ्हायलं, आई. सडलं पानी."

बादली माझ्याच हातात. आई माझ्याकडे वळली.

"वेंधळा मेला. एवढंसं काम झालं नाय तुझ्याच्यानं?"

मग डोळे पुसून म्हणाली, "ऱ्हायली ती तरी जगव गं बाय. अंडं उकड. पन माझ्या चुलीवर नाय. मागच्या दारी तीन दगड मांड."

मागच्या दारी तीन दगड मांडले गेले. अंडी आणायला मीच, लपवून, पंच्यात गुंडाळून. ओळखीचं कुणी भेटलं की घाम फुटायचा.

राहिलेली जगली. गणपती गेल्यावर करंगळीएवढी झाली. आम्ही तिघं जाऊन त्यांना तळ्यात सोडून आलो. आई सगळ्यांत पुढे होती.

येताना आईला जरा पुढे जाऊ दिलं आणि मी द्वारकाला विचारलं, माझं नाव का घेतलंस?

"आईच्या हातानं पोरं मेली हे त्यांना कळलं असतं तर त्या पुन्हा सुखानं जेवल्या नसत्या. तुमाला काय, दोन दिवस बोलतील."

दोन दिवस.

आई त्यानंतर तीस वर्षं जगली. जावयासमोर, व्याह्यांसमोर, माझ्या नातवाच्या बारशाला, "यानं मासे मारले हो, पानी बदललं नाय." शेवटच्या आजारात डॉक्टरलासुद्धा सांगितलं. आणि ही प्रत्येक वेळी मान खाली घालून भाजी निवडायची.

मी एकदाही खरं बोललो नाही. द्वारका बोलू देत नव्हती, आणि नंतर माझीच जीभ वळेना.

आता आईही नाही, द्वारका, तूही नाहीस. आज पहिल्यांदा सगळ्यांना सांगतो आहे: पाणी मी बदललं होतं.

आई, रागावू नकोस. दूध तू चांगल्या मनानं दिलंस.

द्वारका, तुला माझा नमस्कार. नीट राहा.