नातेवाइकांच्या विनंतीवरून

“ताई, मुलीला घेऊन जिन्यात थांबा. इथं बाकीची लेकरं आहेत.”

काउंटरवरची मुलगी हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. मग मी ज्या खुर्चीवरून उठले ती तिने सॅनिटायझर मारून पुसली. दोनदा. चिंचवडमधला लहान मुलांचा खाजगी दवाखाना. भिंतीवर हत्ती, जिराफ. आयांनी भरलेला हॉल. माझ्या कडेवर साडेतीन वर्षांची पोर, छातीचा भाता चाललेला. एका बाईने आपल्या मुलाला पटकन मांडीवर ओढून घेतलं. मी ते बघितलं. असलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही.

याआधी दोनदा इथंच बसले होते. तेव्हा हीच मुलगी माझ्या पोरीला चॉकलेट देत होती. फरक एवढाच, की आज मी चिठ्ठीवर खरं लिहून दिलं होतं. मुलीला एचआयव्ही आहे, फक्त डॉक्टरांना दाखवा. ‘फक्त’खाली रेघ ओढली होती. तरी ती आधी हिनेच वाचली.

आधी दोनदा का लपवलं? कारण माझा कुणावर विश्वास नाही. नवरा टीबीने गेला, एवढंच सगळ्यांना माहीत. टीबीने त्याला कशामुळे धरलं ते मला त्याच्या शेवटच्या महिन्यात कळलं. मग माझी तपासणी झाली, पोरीची झाली, दोघींनाही तेच निघालं. त्याला आधीपासून माहीत होतं का? विचारायला तो उरला नाही. तेव्हापासून मी माणसाचं बोलणं ऐकत नाही, डोळे बघते. चाकणला वायरिंगच्या कंपनीत कामाला आहे. लाइनवर शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली तरी वाटतं, हिला कळलं.

सरकारी केंद्रातून आमची औषधं मिळतात. ती घेतली की गेटबाहेर उभं राहून अंगठ्याच्या नखाने बाटलीवरचं लेबल खरवडायचं. तिथं सगळ्याच बाया हे करतात, एकमेकींकडे न बघता. घरी आलं की गोळ्या चूर्णाच्या रिकाम्या डब्यात. वर कापूस, म्हणजे वाजत नाहीत. माझी पहिली शिफ्ट, पहाटेची बस. त्यामुळे पोरीला सकाळच्या गोळ्या सासूबाई द्यायच्या. त्यांना मी सांगितलं होतं, कॅल्शियमच्या आहेत.

मग पोरीच्या तोंडात पांढरा थर आला. जिभेवर, गालाच्या आतून. घास घेतला की रडायची. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “धडधाकट मुलाला जे जंतू काही करत नाहीत, तेच या लेकरांना आडवं करतात. तोंडात बुरशी परत परत आली, दम लागला, तर घरी थांबू नका.” पण आमच्या गल्लीतली एक बाई नुकतीच केंद्राच्याच इमारतीत सफाईला लागली होती. तोंडाला ओढणी बांधून पाच मिनिटांत औषधं आणता येतात. आजारी पोर घेऊन तासन्‌तास बसता येत नाही. म्हणून मी चिंचवड गाठलं. अनोळखी डॉक्टर बरा, असं वाटलं. मी काही सांगितलं नाही, त्यांनी थेंब दिले, खोकल्याचं औषध दिलं. थर गेला, परत आला. खोकला गेलाच नाही. आणि आज ही धाप.

डॉक्टर जिन्यात आले. दोन पायऱ्या वरच थांबले. गेल्या खेपेला पोरीचा गालगुच्चा घेणारा माणूस.

“आमच्याकडे याची सोय नाही. सरकारीत न्या.”

“आधी तपासा तरी. तिला श्वास घेता येत नाहीये.”

“इतके दिवस लपवलंत, आणि आता मला सांगताय?”

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. एरवी मी मान खाली घालून जिना उतरले असते, आजवर तेच केलं होतं. पण पोरीची नखं निळसर दिसत होती. बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जात होतं. मी लाजत उभी राहिले तर ही इथंच जाईल, हे मला लख्ख कळलं. डॉक्टरांना ओलांडून मी परत वर गेले आणि हॉलच्या मधोमध उभी राहिले.

“माझ्या मुलीला एचआयव्ही आहे. डॉक्टर तिला हात लावत नाहीत. ते त्यांनी मला लिहून द्यावं.”

तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आवाज फाटला. लिहून द्यायचं म्हटल्यावर मात्र डॉक्टर हलले. पोरीच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. ऑक्सिजन लावला, अँब्युलन्स बोलावली, एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

अँब्युलन्समध्ये मी ती चिठ्ठी उघडली. संशयी बाई, दुसरं काय करणार. इंग्रजीत होती, पण बारावीचं इंग्रजी तेवढं पुरतं. ‘नातेवाइकांच्या विनंतीवरून हलवण्यात येत आहे.’ माझी विनंती! संतापाने डोळ्यांत पाणी आलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला सरळ छातीशी धरून आत नेलं. न्यूमोनिया होता, या मुलांना होतो तसला. “तो होऊ नये म्हणून रोजची गोळी असते. चालू होती ना?”

“होती,” मी म्हणाले.

मी फोन केला होता, सासूबाई तोवर रिक्षाने येऊन पोचल्या होत्या. “ती कॅल्शमची व्हय? दोन्ही गोळ्या बंद केल्या म्या दिवाळीपासनं. लेकरू वकायचं त्या गोळ्यांनी. रोज मोरीत टाकीत हुते, तुजं मन दुखू नाही म्हणून.”

साऱ्या जगावर मी संशय घेतला, आणि पोरीचं औषध माझ्याच खोट्यापायी मोरीत गेलं. सासूबाईंचा राग येईना. स्वतःचा आला. तिथंच व्हरांड्यात त्यांना आजाराचं नाव सांगितलं.

“मंग माजा लेक टीबीनं न्हाई गेला?”

“टीबीनंच गेले, आत्या. पण टीबीनं यामुळं धरलं.”

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, “मला सांगायचं हुतं की गं. म्या कशाला टाकल्या आसत्या?”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

पोर वाचली. “आत्ता वाचली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आत्ता’वर जोर देऊन. घरात आता गोळ्यांना त्यांचं खरं नाव आहे. सासूबाई वेळेवर देतात, उलटी झाली तर मला फोन करतात. तरी त्या पोरीच्या ताटातलं उरलेलं खातात का, हे मी अजून चोरून बघते. खातात. तरी बघते.

डॉक्टरांची ती चिठ्ठी घेऊन मी महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार द्यायला गेले. कारकून म्हणाला, “ताई, निनावी दिली तरी चालते. उगाच तुमचंच नाव बाहेर येईल.” माणूस भला होता, की निनावी कागद फेकायला सोपा म्हणून सांगत होता, कळलं नाही. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता लिहिला. अशी कोणतीही विनंती मी केलेली नाही, असं लिहून खाली सही केली आणि शिक्क्यासह पोच घेतली. मुलीचं नाव घातलं नाही. दवाखान्यात मी ओरडून सांगितलं ते तिचा जीव जात होता म्हणून. यापुढे कुणाला सांगायचं ते ती मोठी झाल्यावर ठरवील. आणि ती मोठी होणार आहे. तोवर ज्याला काही विचारायचं असेल, त्याने माझ्यासमोर येऊन विचारावं.