चिमटीकाकांची बादली

चिमटीकाकांचे खरे नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःही वळून बघणार नाहीत. आमच्या माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत ते तेहतीस वर्षे आहेत. बांधकामाच्या जागेवरून मातीचे नमुने लोखंडी नळ्यांत भरून येतात. काका त्यातली चिमूटभर माती बोटांत दाबतात आणि सांगतात, "ही भार घेईल," किंवा "हिच्यावर भरवसा नको." यंत्राचा निकाल आठ दिवसांनी येतो आणि बहुधा काकांचीच बाजू घेतो. काकू म्हणतात, "घरी उशीसुद्धा दाबून बघतात, मगच डोकं टेकतात!"

निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा ही बोटांतली विद्या त्यांच्याबरोबरच घरी जाणार अशी धास्ती सगळ्यांना लागली. सर्वांत जास्त काकांना. म्हणून प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरबाईंनी संगणकावर तज्ज्ञ प्रणाली करायला घेतली. नमुना हाताळून तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, की ती काकांच्या नियमांवरून मातीच्या ताकदीचा अंदाज सांगणार. दोन महिने बसून दोघांनी एकशे चाळीस नियम लिहिले. कार्यालयात तिचे नाव पडले 'धाकटे काका'.

परीक्षेला दहा नमुने मांडले. बाई माती दाबून संगणकाला उत्तरे देत, काका पलीकडच्या टेबलावर तोच नमुना बघत, आणि मी दोन्ही अंदाज वहीत उतरवून घेत होतो. नऊ जुळले. दहावा नमुना एका नव्या शाळेच्या पायाचा. धाकटे काका म्हणाले, घट्ट. थोरले म्हणाले, "छे, लोण्यासारखी मऊ आहे!"

मग त्यांचा चेहरा उतरला. "बाई, सगळं सांगितलं हो मी. हातचं काही राखलं नाही."

"माहीत आहे, काका. आता बोलू नका, फक्त करून दाखवा."

काकांनी सुरी उचलली, नळीच्या तोंडाची दोन बोटे माती तासून बादलीत टाकली आणि आतली चिमूट घेतली.

"थांबा! हे काय केलंत?"

"दाबली."

"त्याच्या आधी?"

"आधी? काही नाही."

"मग ही बादली कशानं भरली?"

काका बादलीकडे बघतच राहिले. "अहो, ते काय सांगायचं? जेवायच्या आधी हात धुतो, ते कोणी पाककृतीत लिहितं का?"

आतली ओल टिकावी म्हणून नळ्यांची तोंडे मेणाने बंद करून पाठवतात. त्या नळीचे मेण तडकले होते, म्हणून टोकाची माती वाळून कडक झाली होती. बाईंनी नेमकी तीच दाबली होती. बाकीच्या नळ्यांचे मेण शाबूत होते, त्यामुळे तिथे ही चूक लपून गेली.

आठव्या दिवशी यंत्रानेही माती मऊ ठरवली. शाळेचा आराखडा पाया रुंद करून पुढे गेला.

आता प्रणालीचा पहिलाच प्रश्न असतो, 'तोंडाची दोन बोटे माती काढली का?' 'नाही' म्हटले तर ती पुढे सरकत नाही. परवा काका स्वतः बसले आणि मुद्दाम तीनदा 'नाही' दाबले. तीनदा तोच प्रश्न.

"हट्टी आहे लेकाचा!" काका खुशीत म्हणाले. "कोणाच्या वळणावर गेलाय, कोण जाणे!"