पर्वणीकरांची अर्धी दाढी

विद्यापीठाच्या सांस्कृतिक विभागात त्यांना खऱ्या आडनावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळे त्यांना पर्वणीकर म्हणतात, आणि त्याला कारण ते स्वतःच. दर पंधरवड्याला विभागातर्फे 'आगामी कार्यक्रम' नावाचं एक पान निघतं. ते लोकांच्या फोनवर जातं, शिवाय छापून ग्रंथालयाच्या आणि उपाहारगृहाच्या दारावर डकवलं जातं. ते पान पर्वणीकर लिहितात. गाणं असो, नाटक असो, नाहीतर कुंड्या रंगवण्याची कार्यशाळा असो, त्यांच्या पानावर ती 'रसिकांसाठी पर्वणी'च असते. एकदा तर पाण्याच्या टाक्या धुण्याच्या सूचनेलाही त्यांनी पर्वणी लावली होती, असं शेजारच्या टेबलावरचा कारकून सांगत असतो. ते साफ खोटं आहे. पण पर्वणीकर ते खोडून काढत नाहीत, कारण एखाद्या दमलेल्या दुपारी आपल्या हातून ते सहज घडलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

गंमत म्हणजे इतकी वर्षं खिरापतीसारख्या पर्वण्या वाटूनही ते स्वतः एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. कचेरी पाचला सुटायची, कार्यक्रम सहाला सुरू व्हायचे, आणि मधला तास काही त्यांना ओलांडता यायचा नाही. आयोजक दोन ओळी आणि एक फोटो पाठवायचे. दोनाच्या आठ ओळी करणं हा पर्वणीकरांच्या डाव्या हाताचा मळ. विशेषणं त्यांच्याकडे कपाटातल्या जादा चादरींसारखी होती, कुठल्याही पाहुण्याखाली घालता येतील अशी.

बायको औषधाच्या दुकानात कामाला. घरी आली की विचारायची, "आज काय होतं तुमच्या विद्यापीठात?"

"भारावून टाकणारी मैफल."

"मग तुम्ही इथं भाजी काय निवडताय? भारावला नाहीत?"

"मी लिहितानाच भारावून घेतो," पर्वणीकर म्हणायचे, आणि दोघं हसायची.

हे सुखात चाललेलं ताई येईपर्यंत. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एका इस्पितळात परिचारिकांची प्रमुख होती, निवृत्त झाली आणि भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आली. बाटलीवर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे, असं धरून तिनं जन्मभर काम केलेलं. त्यामुळे भावाचं पानही तिनं त्याच श्रद्धेनं वाचलं, फ्रीजवर लावलं आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाभोवती लाल गोल काढला.

"आपण ह्या सगळ्यांना जायचं," ती म्हणाली.

"तू जा ना, ताई. मला काम असतं."

"कसलं काम? तुझं काम हेच आहे ना?"

लहानपणी ह्याच आवाजात ती त्यांना एरंडेल पाजायची. तेव्हा चाललं नाही ते आता काय चालणार?

पहिला कार्यक्रम संगीत विभागातल्या एका प्राध्यापकांचा होता. 'श्रोत्यांना एका वेगळ्याच विश्वात घेऊन जाणारा सूरसोहळा,' असं पानावर होतं. मंचावर एक मोठा पत्रा टांगलेला, आणि प्राध्यापक त्यावर ओला स्पंज घासत होते. मधेच ते थांबले. झालं, सुटलो, असं वाटून पर्वणीकरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. सगळ्या सभागृहानं, म्हणजे भरलेल्या त्या दोन रांगांनी, वळून पाहिलं. थांबणं हाही त्या संगीताचाच भाग होता.

शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं प्राध्यापकांनी म्हणताच ताई उभी राहिली. "मला संगीतातलं कळत नाही, पण बरं वाटलं. फक्त ते वेगळं विश्व नेमकं कुठं सुरू झालं? मधे माझा डोळा लागला होता, तेव्हा निसटलं असेल तर."

"कुठलं विश्व?" प्राध्यापक गोंधळले. "मी पत्र्याच्या आवाजावर काम करतो. विभागाला मी तेवढंच कळवलं होतं."

"मग ते विश्व ह्यानं घातलं," असं म्हणून ताईनं शेजारी बोट दाखवलं. पर्वणीकर तेव्हा खुर्चीखाली वाकून पेन शोधत होते. पेन त्यांच्या खिशातच होतं.

इतपत फजिती माणूस पचवतो. पुढचा लाल गोल मात्र पचण्यातला नव्हता.

तो होता चित्रांच्या प्रदर्शनाभोवती. कलाविभागातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं ते पहिलंच प्रदर्शन. शनिवारी दुपारी दोघं कलादालनात पोचली तेव्हा आत कोणी नव्हतं. दाराला बांधायची फीत एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली, आणि ती मुलगी स्टुलावर बसून होती. डोळे लाल.

भिंतींवर एक केशकर्तनालय होतं. फाटक्या रेक्झिनची फिरती खुर्ची, काचेच्या बरणीत बुडवलेले कंगवे, झटकलेलं पांढरं कापड, फरशीवरचे केस. आणि जवळपास प्रत्येक चित्रात एका माणसाचे हात. कोणाची हनुवटी दोन बोटांनी उचलून धरणारे, कोणाचा कान हळूच दुमडणारे.

ताईनं सगळी चित्रं पाहिली. मग पिशवीतून चष्मा काढून, सोबत आणलेलं पान वाचलं: "'पितृसत्ताक कुटुंबव्यवस्थेला धारेवर धरणारी चित्रं.' अरे, ह्यात कोणाला धारेवर धरलंय?"

पर्वणीकरांना आठवलं. मुलीनं लिहून पाठवलं होतं, 'बाबा आणि त्यांचं दुकान. तैलरंग.' बरोबर एका चित्राचा फोटो होता, त्यात नुसता वस्तरा. वस्तऱ्यावरून त्यांना धार सुचली, धारेवरून धारेवर धरणं सुचलं, आणि त्या कोटीवर ते इतके खूश झाले की त्यांनी ती शेजारच्या कारकुनाला दोनदा ऐकवली.

मुलगी उठून जवळ आली. "तुम्हीपण तेच वाचून आलात?"

मग तिनं जे सांगितलं ते असं. उद्घाटन तिचे वडील करणार होते. त्यांनी त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला होता. आदल्या दिवशी दुकानात गर्दी असताना एका गिऱ्हाइकानं कौतुकानं फोन काढला आणि ते पान मोठ्यानं वाचलं. पितृसत्ताक म्हणजे काय, असं वडिलांनी विचारलं. गिऱ्हाइकानं समजावून सांगितलं.

"फार नीट समजावून सांगितलं त्यानं," मुलगी म्हणाली. "आता बाबा येत नाहीत. मी असं काही लिहिलेलं नाही म्हणाले, तर म्हणतात, एवढं मोठं विद्यापीठ, उगाच छापेल होय? कोण लिहितं हो असलं?"

पर्वणीकर समोरच्या चित्रातली बरणी फार बारकाईनं बघू लागले. ताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचं ते बघणं एरंडेलापेक्षा वाईट होतं.

"मी," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही चित्रं बघितली होती?"

"नाही."

"मग?"

"वस्तरा बघितला होता."

ताईनं पिशवी खांद्याला लावली. "दुकान कुठं आहे गं तुमचं?"

दुकान बसथांब्यामागच्या गल्लीत होतं. वाटेत पर्वणीकरांनी मनातल्या मनात सुंदर भाषण तयार केलं. त्यात 'गैरसमज' होता, 'अनवधान' होतं, 'दिलगिरी' तर तीन ठिकाणी होती. दारात पोचल्यावर मुलीच्या वडिलांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "केस की दाढी?" आणि सगळं भाषण विसरून पर्वणीकर म्हणाले, "दाढी."

ते खुर्चीत बसले. ताई बाकावर बसली तशी आधीपासून बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पाय आखडून घेतले. वडिलांनी पर्वणीकरांच्या गालावरून हात फिरवला.

"सकाळीच केलीय की तुम्ही."

"हो, पण नीट झाली नाही."

"तसं दिसतंयच," ते म्हणाले आणि साबण लावायला लागले.

एक गाल झाला. वस्तरा गळ्याकडे वळला तेव्हा पर्वणीकरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलंबाळं काय तुम्हाला?"

वस्तरा क्षणभर थांबला. "एक मुलगी. चित्रं काढते." मग म्हणाले, "आमच्यावरच काढते."

बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. उरलेलं संभाषण वस्तरा गळ्यापासून लांब गेल्यावर करावं, असा अत्यंत शहाणपणाचा निर्णय पर्वणीकरांनी घेतला. पण ताईला तेवढा धीर कुठला!

"अरे, तू सांगतोयस का मी सांगू?"

"काय सांगायचंय?" वडिलांनी विचारलं.

"ते मीच लिहिलं," पर्वणीकर हनुवटी न हलवता म्हणाले.

"काय लिहिलं?"

"धारेवर. ते माझं वाक्य आहे, तुमच्या मुलीचं नाही. मी विद्यापीठात ते पान लिहितो. चित्रं बघितलीच नव्हती मी."

वस्तरा गळ्यावरून उचलला गेला. वडिलांनी तो सावकाश पुसला. बाकावरचं वर्तमानपत्र खाली आलं.

"न बघता लिहिलंत? का?"

कुठल्याही प्रसंगाला पर्वणीकरांकडे शब्द असायचा. आत्ता शोधून शोधून एकच सापडला. "सवय," ते म्हणाले.

"आणि आता बघितलीत?"

"आत्ताच बघून आलो."

वडील आरशातून त्यांच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "कसा दिसतो मी?"

'विलक्षण' हा शब्द पर्वणीकरांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो साबणाच्या चवीसकट गिळला.

"तुमचा चेहरा कुठंच नाही," ते म्हणाले. "हातच आहेत. एका चित्रात एक म्हातारे गृहस्थ ह्या खुर्चीत झोपलेत. तोंडाला फेस तसाच. तुमचा एक हात त्यांच्या डोक्यामागे आहे, मान कलंडू नये म्हणून. दुसऱ्या हातात काही नाही. म्हणजे तुम्ही काम थांबवलंय. ते आपणहून उठेपर्यंत तुम्ही उभेच आहात, असं वाटतं."

"निवृत्त मास्तर असणार ते," बाकावरचा एक म्हणाला. "ते बसले की झोपतातच."

वडिलांनी अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवला. आत जाऊन आले ते नवा शर्ट घालून. मग खणातली एक कात्री निवडून खिशात टाकली.

"चला."

"आणि हा गाल?" पर्वणीकरांनी फेसाकडे बोट दाखवलं.

"तो परत आल्यावर. तुमचं काय सांगावं! तिथं भलतंच असलं म्हणजे?"

"आणि आमचं काय?" बाकावरच्यांनी विचारलं.

"तुम्हीपण चला. शनिवारी दुपारी असे कुठं जळतायत तुमचे केस?"

अशी ती वरात निघाली. पुढे नवा शर्ट, मागे वाढल्या केसांची दोन गिऱ्हाइकं, त्यांच्यामागे ताई, आणि सगळ्यात शेवटी गळ्याला दुकानाचं कापड बांधलेले, एका गालावर फेस वाळत चाललेले पर्वणीकर. विद्यापीठाच्या फाटकातच विभागप्रमुख भेटले.

"पर्वणीकर, हे काय?"

"कार्यक्रमाला चाललोय, सर."

विभागप्रमुख थक्क झाले. पर्वणीकर आजवर कार्यक्रमाला निघालेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यापुढे फेसाचं त्यांना काही वाटलं नाही.

दालनात वडील हात मागे बांधून एकेका चित्रासमोर उभे राहिले. मुलगी मागून चालत होती, त्यांच्या पाठीकडे बघत. गिऱ्हाइकांनी तोवर स्वतःला शोधायला सुरुवात केली होती, आणि एकाला एका चित्रात आपला कान सापडलाही. "माझाच आहे हा," तो सगळ्यांना खरा कान दाखवत म्हणाला.

झोपलेल्या मास्तरांच्या चित्रापाशी वडील बराच वेळ थांबले.

"हा टॉवेल आपला नाही," ते शेवटी म्हणाले. "आपले सगळे पांढरे आहेत."

"निळा मी घातला, बाबा. तिथं निळा लागत होता."

"लागत होता?"

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा चित्र निरखलं. "मग आणायला हवेत दोन-चार," ते म्हणाले.

मुलीनं तोंड फिरवून ओढणीनं नाक पुसलं. मग कोणाला तरी फितीची आठवण झाली. गिऱ्हाइकांनी दोन बाजूंनी ती धरली, वडिलांनी खिशातली कात्री काढली, आणि सगळी मंडळी आत आल्यावर उद्घाटन झालं. टाळ्या वाजवण्याआधी पर्वणीकरांनी ताईकडे बघून घेतलं. तिनं मान हलवल्यावरच वाजवल्या.

संध्याकाळपर्यंत बरीच माणसं येऊन गेली. वडील दारापाशी उभे राहून प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते. बसायला तिथं एकच स्टूल होतं, आणि त्यावर पर्वणीकर होते. कारण फेस वाळून गाल असा काही चुरचुरायला लागला होता की त्यांना उभं राहवत नव्हतं. दुकानात परतल्यावर तो गाल पूर्ण झाला. तुरटी फिरवताना वडील म्हणाले, "सकाळी घाई करता तुम्ही. उलटा हात मारता." पर्वणीकर हो म्हणाले.

सोमवारी पुढच्या पंधरवड्याचं काम सुरू झालं. पहिलाच फोन बाहुलीनाट्याच्या मंडळींचा. विद्यापीठाशेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यांचा प्रयोग होता.

"आमच्याबद्दल काहीतरी छान लिहा हं तुम्ही," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"लिहितो," पर्वणीकर म्हणाले. "तालीम कधी आहे तुमची? येऊन बघीन म्हणतो."

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली.

"असं आजवर कोणी विचारलं नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "बाहुल्या अजून शिवायच्यात."

पर्वणीकरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग आधी त्या शिवा," ते म्हणाले. "मी गुरुवारी येतो. सुईत दोरा मला ओवता येतो."

हेही खरं नव्हतं. पण गुरुवारला अजून अवकाश होता, आणि ताई होतीच शिकवायला.