अंकलने बदलून दिलेला सबवूफर

ही गोष्ट मी जवळपास वर्षभर चुकीची सांगत होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फार सुरेख सांगत होतो. आता बरोबर सांगतो. तेवढी सुरेख होणार नाही.

आम्ही तेव्हा सिंगापूरमध्ये बेडोकला राहायचो. मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होतो. सेकंडहँड गाडी घेतली, तर तिचा स्टिरिओ म्हणजे सर्दीने नाक चोंदलेला गवई. म्हणून गॅरेजांच्या रांगेतल्या एका जुन्या दुकानातून सबवूफर आणला. लाकडी खोक्यात बसवलेला मोठा स्पीकर, छातीत घुमणारा आवाज काढणारा. दुकानदार सत्तरीचे चिनी गृहस्थ. इथे सगळेच वडीलधारे अंकल असतात, तसे हेही अंकल. ते म्हणाले, "आय फिक्स फॉर यू, फ्री." मी हसलो. ज्याच्या हाताखाली प्लांटच्या हजारो वायरी, त्याला हे चार वायरी लावून देणार!

रविवारी सकाळी आमच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये मी प्रयोग मांडला. प्लांटमध्ये काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, असा दंडक. मी घरी तशी चेकलिस्ट टाइप केली. तपासनीस म्हणून बायकोची नेमणूक केली आणि तिच्या हातात टॉर्च दिला. खोकं लिफ्टमधून ओढताना दारावर घासून त्याच्या कडेला एक लांब पांढरा ओरखडा उठला. बायको म्हणाली, "हेही लिहा तुमच्या लिस्टमध्ये."

खोक्यामागे वायरी लावायच्या टोकांच्या दोन जोड्या होत्या. वरच्या जोडीत लाल खूण डावीकडे होती, काळी उजवीकडे. खालच्या जोडीत नेमकं उलट. पण आमच्या प्लांटच्या पॅनेलमध्ये प्लस, म्हणजे लाल, कायम डावीकडे. इतक्या वर्षांत माझे हात रंग बघत नव्हते, जागा बघत होते. डिकीत अर्धा घुसून मी वायरी खटाखट लावल्या.

"अहो, खाली लाल वायर काळ्या खुणेत गेलीय का?"

"तू टॉर्च धर."

"धरलाय. म्हणून तर दिसलं."

"इथे सही कर."

तिने सही केली. वळणदार, पूर्ण नावानिशी.

मग गाणं लावलं. सबवूफरमधून आवाज यायचा तो शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी उशी झोडपतंय असा. मी फ्यूज तपासला, अ‍ॅम्प्लिफायरची सगळी बटणं फिरवली, अर्थिंगची तार खरवडून पुन्हा आवळली, सीट पुढे-मागे करून पाहिली. स्वतः लावलेल्या वायरी मात्र पाहिल्या नाहीत. त्यांच्यावर दोन सह्या होत्या ना!

पुढच्या शनिवारी गाडी घेऊन दुकानात गेलो. तिथे तीन गिऱ्हाइकं होती. तीन म्हणजे माझ्या दृष्टीने हाउसफुल्ल. मी आवाज लावला. मी इंजिनियर आहे, मला माल कळतो, खराब माल गळ्यात मारलात, असं बरंच काही. अंकल हातातलं फडकं खाली ठेवून ऐकत होते. एक गिऱ्हाईक हळूच निघून गेलं. अंकलनी डिकी उघडली, वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "ओके, ओके. माय साइड प्रॉब्लेम. आय चेंज फॉर यू." वायरी सोडवून खोकं आत घेऊन गेले. बायको उन्हाला कंटाळून आत पंख्याखाली जाऊन बसली. दहा मिनिटांनी अंकल खोकं घेऊन आले, स्वतः जोडलं, बटण दाबलं. धडाम! आरसा थरथरला. "सॉरी आह," अंकल म्हणाले. "चेंज ऑलरेडी."

मी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.

आणि मग वर्षभर हा प्रयोग गाजवला. वाढदिवस असो, हळदीकुंकू असो, नोव्हेनाला हॉस्पिटलात काम करणाऱ्या आमच्या डॉक्टर मित्राकडचं जेवण असो. 'तो सबवूफरवाला किस्सा सांग' अशी फर्माईश व्हायची. मी उठून उभा राहायचो, खांदे पाडायचो, डोळे मिचकावायचो आणि अंकलचं ते "सॉरी आह" काढायचो. लोक पोट धरून हसायचे. दुकान नेमकं कोणतं, तेही मी सांगायचो, सावध राहा म्हणून.

असंच एकदा डॉक्टर म्हणाला की त्यालाही गाडीत सिस्टिम बसवायचीय. मी म्हणालो, "कुठेही जा, त्या म्हाताऱ्याकडे तेवढा जाऊ नकोस."

परतताना बायकोने गाडीतलं गाणं बंद केलं.

"तोच होता," ती म्हणाली.

"कोण?"

"सबवूफरचा डबा. लिफ्टचा ओरखडा होता त्याच्यावर. आत नेऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला, कॉफी प्यायले, फडक्याने पुसला आणि परत आणला. जोडताना फक्त खालची वायर नीट लावली. माझ्याकडे बघून असं बोट ओठांवर ठेवलं."

"आणि तू वर्षभर गप्प?"

"बायकोसमोर तुमचा पचका नको म्हणून त्या माणसाने दोष स्वतःवर घेतला. मी कशाला बोलू? मला वाटलं, दोनदा सांगून थांबाल. तुम्ही तर दौरे काढलेत."

घरी पोचल्यावर मी टॉर्च घेऊन डिकी उघडली. ओरखडा जागच्या जागी होता.

पुढच्या शनिवारी एकटाच दुकानात गेलो. अंकल रिकाम्या दुकानात पंख्याखाली बसले होते. मी वायरींचं सगळं कबूल केलं. त्यांनी हात झटकला. "लॉंग टाइम ऑलरेडी. बेस नाऊ गुड?"

"गुड."

"देन गुड ला."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, कॉफी मागवली. मग सहज म्हणाले, पूर्वी तुमचे इंडियन लोक पुष्कळ यायचे, हल्ली येत नाहीत, का कोण जाणे. ते खरंच विचारत होते. मला माहीत असेल असं त्यांना वाटत होतं.

मला माहीत होतं. मी कॉफीकडे बघत म्हणालो, "आजकाल सगळे ऑनलाइन घेतात, अंकल." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. त्या माणसाने माझ्यासाठी एक खोटं सांगितलं होतं, त्याची मी ही परतफेड केली.

निदान बाहेर तरी खरं सांगायचं ठरवलं. पुढच्या जेवणाला फर्माईश न होताच उभा राहिलो. म्हटलं, चूक माझी होती, माल चोख होता, माणूस तर त्याहून चोख. चेकलिस्ट सांगितली, सही सांगितली, कॉफी सांगितली. आणि काय सांगू, ओठांवर बोट ठेवलेला अंकल करताना माझे खांदे आपोआप पडले, डोळे आपोआप मिचकले. खोली हसून हसून कोसळली. डॉक्टर डोळे पुसत म्हणाला, "हा शेवट लय भारी बसवलायस! आधीच्यापेक्षा कितीतरी सरस."

"अरे, खरंय हे. तिथूनच घे तू."

"हो, हो, नक्की!" म्हणत तो पुन्हा हसत सुटला. त्याने सिस्टिम दुसरीकडून बसवूनही घेतली होती, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुकानाचा पत्ता टाकला. खाली लिहिलं, 'उत्तम माल, सच्चा माणूस, नक्की जा.' सकाळपर्यंत त्याखाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. पत्त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

ते चेहरे अकरा होते. मी मोजले, हेही सांगायला हवं.